सगळीकडे ए, तरी ऑनर सोसायटीत नाव नाही

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी सातवीत आहे, सगळ्या विषयांत ए. जानेवारीत शाळेचं पत्र आलं की नॅशनल ज्युनियर ऑनर सोसायटीसाठी (शाळेतल्या निवडक मुलांचा मानाचा गट) ती पात्र आहे, सोबतचा फॉर्म भरून द्या. आम्हाला वाटलं, झालंच. साताऱ्याला सासूबाईंना फोन करून सांगूनही टाकलं. फॉर्म शेवटच्या रात्री मीच भरला, तिची स्विमिंगची प्रॅक्टिस होती. निबंध तिने लिहिला होता, तो ह्यांनी नीट करून दिला. सेवेच्या रकान्यात ‘मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत मदत’ असं लिहिलं, कारण रविवारच्या मराठी शाळेत ती लहान मुलांना बाराखडी शिकवायला बसते. लीडरशिपचा रकाना रिकामा ठेवला, ती स्टुडंट कौन्सिलमध्ये नाही. मागच्या आठवड्यात कळलं की निवड झाली नाही. तिच्या मैत्रिणीची मात्र झाली, आणि तिला दोन विषयांत बी आहे. लेक धड बोलत नाही. हे म्हणतात, प्रिन्सिपलना भेटून जाब विचारू. मला वाटतं, उन्हाळ्यात तिला दोन-तीन ठिकाणी व्हॉलंटियरिंगला घालावं, म्हणजे पुढच्या वर्षी प्रश्नच नको. कॉलेजला हे लागतंच ना? आणि आता साताऱ्याला काय सांगू?
– एक आई

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही अर्ध्या वाक्यात उरकली आहे. तुमची लेक दर रविवारी लहान मुलांना बाराखडी शिकवते. तिकडे मी येणारच आहे. पण आधी ही निवड कशी होते ते सांगते. मी न्यू जर्सीतच एका मिडल स्कूलमध्ये गणित शिकवते आणि अशा निवडीच्या कौन्सिलवर बसलेली आहे, त्यामुळे फॉर्म आत गेल्यावर त्याचं काय होतं ते मला ठाऊक आहे.

आपण वाढलो चौथी-सातवीच्या स्कॉलरशिपवर. भाषा, गणित, बुद्धिमत्ता असे पेपर, पेपरांचे गुण, गुणांवरून यादी, आणि यादीत वर नाव आलं की वर्तमानपत्रात फोटो. हे मूल वर्गात कसं वागतं, कुणाच्या उपयोगी पडतं का, असं मधे कुणी विचारत नसे. त्यामुळे जानेवारीचं पत्र पाहून तुम्हाला ‘झालंच’ वाटणं अगदी साहजिक आहे. इथे मात्र गुणांचं काम त्या पत्रापाशीच संपतं.

ही सोसायटी अमेरिकेतल्या माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने सुरू केली. १९२१ मध्ये त्यांनी हायस्कूलसाठी नॅशनल ऑनर सोसायटी काढली आणि १९२९ मध्ये लहान मुलांसाठी ज्युनियर. हायस्कूलला चार कसोट्या आहेत : अभ्यास, सेवा, नेतृत्व आणि चारित्र्य. ज्युनियरला पाचवी आहे, नागरिकत्व. अभ्यासाची किमान अट देशभर एकच, ४ पैकी ३.० जीपीए, म्हणजे सरासरी बी किंवा ८५ टक्के. शाळेला ही अट वाढवता येते, कमी करता येत नाही. ती पार केलेल्यांना पत्र जातं आणि तिथून पुढे उरलेल्या चार गोष्टी बघायच्या असतात. ३.६ वालं मूल आणि ४.० वालं मूल तेव्हा एकाच रेषेवर उभं असतं. मैत्रिणीचे दोन बी तिच्या आड आले नाहीत ते यामुळे. तिच्यावर कुणी मेहेरबानी केलेली नाही आणि तुमच्या लेकीवर कुणी राग काढलेला नाही. हे दोन्ही घरात स्पष्ट बोला, कारण त्या दोघी उद्याही एकाच बसने जाणार आहेत.

आता कौन्सिल. प्रिन्सिपल पाच शिक्षक नेमतात, स्वतः मात्र त्यात बसत नाहीत. सोसायटीचं काम बघणारे शिक्षक, म्हणजे अॅडव्हायझर, बैठक चालवतात, पण त्यांना मत नसतं. पाचांपैकी तिघांचं मत पडलं की नाव पक्कं. शाळा सुटल्यावर एखाद्या रिकाम्या वर्गात आम्ही बसतो. समोर फॉर्मचा गठ्ठा, शेजारी बाकीच्या शिक्षकांनी दिलेले अभिप्राय. एकेक नाव निघतं. ते मूल ज्यांच्या वर्गात असेल त्यांना काहीतरी आठवतं. इतरांपुढे फक्त तो कागद असतो.

शांत, हुशार मुलींचं इथे हमखास एक होतं. नाव निघतं, सगळे म्हणतात, फार गोड मुलगी, गृहपाठ कधी चुकत नाही. मग सगळे गप्प होतात, कारण त्यापुढे सांगण्यासारखं कुणाकडे काही नसतं. ती वाईट वागलेली नसते, पण तिने काय केलं हे कुणी पाहिलेलं नसतं. अशा वेळी फॉर्मने बोलायचं असतं, आणि तुम्ही पाठवलेल्या फॉर्ममध्ये बोलण्याजोगं काही नव्हतं.

राग मानू नका, पण त्या खुर्चीत बसून तो कसा वाचला जातो ते ऐका. ‘मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत मदत.’ मंडळ म्हणजे काय हे त्या पाचांतल्या बहुधा एकालाही माहीत नाही. माहीत असलं तरी त्यांना दिसतो तो दिवाळीचा कार्यक्रम, जिथे सगळं कुटुंब नटूनथटून जातं आणि मुलं चार खुर्च्या उचलतात. किती वेळा, किती तास, नेमकं काय केलं, कुणाच्या देखरेखीखाली, यातलं काहीच नाही. लीडरशिपचा रकाना कोरा. आणि मग निबंध. मोठ्या माणसाने नीट केलेला निबंध आम्हाला ओळखू येतो, कारण त्याच मुलाचं लिखाण आम्ही वर्षभर तपासत असतो. त्यावर कुणी आरोप करत नाही, कारवाई होत नाही. पण त्या कागदावर मुलीचा आवाज शोधावा तर तो सापडत नाही, आणि जिथे चारित्र्य पाहायचं तिथे ही अडचण होऊन बसते. तुमच्या यजमानांनी ते मायेपोटी केलं हे मला कळतं. पुढच्या वेळी त्यांनी वाचावं, एखादं स्पेलिंग दाखवावं आणि वाक्यांना हात लावू नये.

आता तो रविवार. आमच्या मंडळाच्या मराठी शाळेतही अशा मोठ्या मुली येतात. इथे जन्मलेल्या सहा वर्षांच्या मुलाला ‘ळ’ म्हणता येत नाही, ‘बाळ’चं ‘बाल’ होतं, ‘कमळ’चं ‘कमल’. मी एका मुलीला पाहिलं आहे, तिने घरून छोटा आरसा आणला होता. मुलाच्या हातात तो देऊन ती स्वतः तोंड उघडून जीभ मागे वळवून दाखवायची आणि त्याला आरशात बघून तसंच करायला लावायची. मुलगा हसायचा, मग ओशाळायचा, मग पुन्हा प्रयत्न करायचा. एका रविवारी त्याला ‘बाळ’ नीट म्हणता आलं तेव्हा त्याची आई दारात उभी होती. तिने पोराला उचलून तिथल्या तिथे भारतात फोन लावला. ही सेवा आहे. चार-पाच लहान मुलं अर्धा-पाऊण तास जागेवर बसवायची, रडणाऱ्याला समजवायचं, पुढच्या आठवड्याला काय घ्यायचं ते ठरवून यायचं, हे नेतृत्व आहे. त्यासाठी स्टुडंट कौन्सिलची निवडणूक जिंकावी लागत नाही. आणि आपल्या वस्तीतल्या लोकांनी सुट्टीच्या दिवशी, एक पैसा न घेता चालवलेली शाळा टिकावी म्हणून त्यात स्वतःचा वेळ घालायचा, याला मी तरी नागरिकत्वच म्हणेन. तुमच्याकडे दोन रकान्यांचा मजकूर तयार होता आणि तो फॉर्मवर आलाच नाही. आपल्या घरात अशा गोष्टींना काम म्हणायची सवय नाही, आणि स्वतःचं केलेलं सांगणं म्हणजे मिरवणं असं आपण मुलांना शिकवतो. फॉर्ममध्ये जे खरं केलं ते नीट सांगणं हे मिरवणं नाही, हे तिला तुम्हीच सांगायला हवं.

तिच्याकडून हे काढून घ्यायचं तर तिला प्रश्न विचारा आणि उत्तरं तिलाच लिहू द्या. तुझ्या गटात कोण आहे? सगळ्यात अवघड कोण? पहिल्या दिवशी तुला काय जमलं नव्हतं? आता काय वेगळं करतेस? मूल वैतागलं की काय करतेस? या उत्तरांतून निघालेला सहा ओळींचा साधा इंग्रजी मजकूर कुठल्याही सुबक निबंधापेक्षा भारी ठरतो. वाचणाऱ्याला मराठी येत नाही, म्हणून ‘इथे जन्मलेल्या मुलांना आजी-आजोबांशी बोलता यावं यासाठी पालकांनी चालवलेली रविवारची भाषाशाळा’ एवढं एक वाक्य आधी टाकायला सांगा.

सोबत एक वही ठेवा. तारीख, किती वेळ, काय केलं, आणि मराठी शाळेच्या संचालकांची सही. तुम्ही स्वतः त्या शाळेत शिकवत असाल तर सही तुमची नको, दुसऱ्या कुणाची घ्या. आईने मुलीच्या तासांवर केलेली सही सहसा धरत नाहीत. घरातल्या घरात धाकट्या भावाला सांभाळणं, पैसे घेऊन केलेलं बेबीसिटिंग, हेही बहुतेक ठिकाणी सेवेत मोजत नाहीत. गणपतीत आरतीला उभं राहणं म्हणजे सेवा नव्हे. प्रसादाची जेवणं उरकल्यावर मागे थांबून हॉल आवरणं आणि कचऱ्याच्या पिशव्या बाहेर नेणं ही सेवा. तुमच्या शाळेला किती तास लागतात आणि कुठल्या तारखेपासूनचे चालतात ते शाळेचं शाळेला ठरवता येतं, त्यामुळे शेजारच्या गावातल्या मैत्रिणीने सांगितलेला आकडा धरून चालू नका.

प्रिन्सिपलना जाब विचारायचं म्हणता, तर तुमच्या यजमानांना हे दाखवा. निवडीचा निर्णय त्या शाळेच्या कौन्सिलचा असतो. राष्ट्रीय संघटना वैयक्तिक अपील ऐकत नाही, तिथे लिहून काही होणार नाही. निवडीची पद्धत शाळेने पालकांना आणि मुलांना सहज मिळेल अशी प्रसिद्ध करायला हवी, असा नियम आहे. ती आधी शोधून वाचा, शाळेच्या वेबसाइटवर किंवा हँडबुकमध्ये मिळेल. ठरलेली पद्धत पाळली गेली नाही असं दिसलं, उदाहरणार्थ वेळेत दिलेला फॉर्म कौन्सिलपुढे गेलाच नाही, तर प्रिन्सिपलकडे जाणं रास्त आहे आणि मग जराही संकोच करू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून तसं काही झालेलं मला दिसत नाही.

त्याऐवजी अॅडव्हायझरना भेटा. चार दिवस जाऊ द्या, घरातला राग निवू द्या. शक्यतो लेकीलाच भेटू द्या, तुम्ही बाहेर थांबा. तिने एवढंच विचारायचं : माझ्या फॉर्ममध्ये कुठल्या बाबतीत माहिती कमी पडली आणि पुढच्या वर्षी मी काय दाखवलं पाहिजे? पाचांपैकी कोण काय बोललं हे ते सांगणार नाहीत. कसोटी कोणती कमी पडली हे मात्र बरेचदा सांगतात, कारण मुलाने स्वतः येऊन विचारलेलं शिक्षकांना आवडतं. मैत्रिणीचं नाव मात्र काढू नका. दुसऱ्या मुलाच्या नोंदींबद्दल शाळेला तुमच्याशी बोलताच येत नाही, तसा फेडरल कायदा आहे, आणि तुम्ही नाव काढलंत की समोरचा माणूस तिथेच गप्प होतो.

उन्हाळ्यात तीन ठिकाणी व्हॉलंटियरिंगला घालायच्या विचाराला मात्र माझा ठाम विरोध आहे. आपल्या लोकांत हे मी सारखं बघते. मे महिना आला की आयांची फोनाफोनी, कुठे तास मिळतात, कोण सही देतं, दोन तासांचे चार तास कोण लिहून देतं. यातून मुलं शिकतात ते हेच, की सेवा म्हणजे सह्या गोळा करणं. आणि कौन्सिलपुढे तो कागद येतो तेव्हा एप्रिलपर्यंत काही नाही आणि मग अचानक पाच संस्था, हे लगेच डोळ्यांत भरतं. शिवाय बारा-तेरा वर्षांच्या मुलांना बऱ्याच फूड बँका आणि हॉस्पिटलं एकटं घेतच नाहीत, सोबत मोठं माणूस लागतं किंवा वयाची अट असते. मग काम मूल करतं की सोबतची आई, हाच प्रश्न पडतो.

तिचं जे चालू आहे तेच वाढू द्या. उन्हाळ्यात मराठी शाळा बंद असेल तर तिला विचारा, पुढच्या वर्षीसाठी काही करायचंय का. अक्षरांचे पत्ते बनवता येतील, छोट्या गोष्टींची पुस्तकं गोळा करता येतील, शहराच्या लायब्ररीत मुलांना गोष्ट वाचून दाखवता येते का हे विचारता येईल. लायब्ररीत तिने स्वतः जाऊन विचारावं. तिला यातलं काही नको असेल, नुसतं पोहायचं असेल, तर पोहू द्या. तेरा वर्षांच्या मुलीचा उन्हाळा आहे तो.

कॉलेजचं विचारलंत. नाही, लागत नाही. कॉमन अॅपच्या, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या सामायिक अर्जाच्या, फॉर्मवर उपक्रम विचारतात ते नववी ते बारावीचे. सातवी-आठवीतल्या सदस्यत्वाला तिथे जागाच नाही. हायस्कूलच्या ऑनर सोसायटीतही ज्युनियरच्या जोरावर आपोआप प्रवेश मिळत नाही, तिथे नव्याने निवड होते. हे कळल्यावर काही पालकांचा उत्साह मावळतो. माझा उलट वाढतो, कारण मग या सदस्यत्वात जे आहे तेवढंच उरतं : शाळेतल्या बऱ्याच मुलांबरोबर मिळून काहीतरी उभं करणं. नाव आलं की काम संपत नाही. बैठका असतात, सगळ्यांनी मिळून करायचा प्रकल्प असतो, प्रत्येकाचा स्वतःचा एक असतो. गुण किंवा वागणूक घसरली तर आधी ताकीद मिळते, आणि काढून टाकलं तर त्या मुलाला पुन्हा कधीच घेत नाहीत. तिला हे करायचंय का, हा प्रश्न तिला अजून कुणी विचारलेला दिसत नाही.

जाता जाता एक सावधगिरी. हुशार मुलांच्या घरी पोस्टाने भारीभारी लिफाफे येतात, अमुक ऑनर सोसायटीत निवड झाली, एवढे डॉलर भरा. पुढच्या काही महिन्यांत तुमच्याकडेही येईल आणि तुमचं मन दुखावलेलं असल्याने मोह होईल. शाळेच्या ऑफिसला फोन करून विचारा. शाळेला त्याबद्दल माहिती नसेल तर एक डॉलरही भरू नका.

साताऱ्याला खरं सांगा, आणि आजच सांगा. आम्ही घाई केली, ते निवडीचं पत्र नव्हतं, अर्ज करायचं पत्र होतं, आणि या वर्षी नाव आलं नाही. दोन वाक्यांत होईल. फोन करण्याआधी लेकीला विचारा, तिने घरात असावं की नसावं. मुलांना नापास होण्यापेक्षा जास्त खुपतं ते आपल्या मागे आपल्याबद्दल चाललेलं बोलणं. सासूबाई कदाचित म्हणतील, काय ते अमेरिकेचं, आमची पोर हुशारच आहे. म्हणू द्या.

आणि लेकीशी बोला. माझ्या मते सगळ्यात निकडीचं हेच आहे. तिला आत्ता काय वाटत असेल, विचार करा. गुण तर सगळे आहेत, म्हणजे उरलं काय? आपलं चारित्र्य, आपलं वागणं. पाच शिक्षकांनी मिळून आपल्याला माणूस म्हणून नापास केलं, असा अर्थ या वयातलं मूल लावतं आणि तोंड मिटून बसतं. तो अर्थ चुकीचा आहे, हे तिला तुमच्या तोंडून कळलं पाहिजे. तिला सांगा की त्यांनी जो कागद वाचला तो आई-बाबांनी लिहिलेला होता, त्यात तू नव्हतीस. दोघांनी मिळून सांगा, बाबांनी निबंधाबद्दल सांगावं, तुम्ही त्या रिकाम्या रकान्याबद्दल. ती रडेल किंवा चिडेल. चिडली तर बरंच, बोलायला लागली असं समजा.

मग आठवडाभराने विचारा की पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचाय का. आठवीत तिला पुन्हा संधी आहे, या वर्षीच्या नकाराचा तिच्यावर डाग राहत नाही. ती नको म्हणाली तर तिथे थांबा आणि सहा महिन्यांनी गोडीगुलाबीने पुन्हा विषय काढू नका. हो म्हणाली तर सहीची वही आत्तापासून तिच्या दप्तरात जाऊ दे, आणि पुढच्या वर्षी पत्र येईल तेव्हा फॉर्म त्याच दिवशी तिच्या हातात द्या. शेवटच्या तारखेच्या आठवड्यात स्विमिंगच्या कोचना एक दिवस सुट्टी मागायची वेळ आली तर ती चिठ्ठी मात्र तुम्ही लिहा.